टरफलं, साली आणि पाण्यातलं शिसं

केळीची साल पाण्यात टाकून ठेवली की पाण्यातलं शिसं निघून जातं, हे खरं का?

हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात, आणि त्यामागे एक खरीखुरी बातमी आहे. 2011 साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी केळीच्या सालीची भुकटी वापरून पाराना नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं पकडून दाखवलं. एकदा भरलेली भुकटी धुऊन पुन्हा वापरता येते आणि अकरा वेळा वापरली तरी तिचं काम बिघडत नाही, असंही त्यांना आढळलं. बातमी जगभर गेली आणि फिरता फिरता 'हंड्यात साल टाका, पाणी शुद्ध होईल' असा घरगुती उपाय होऊन आपल्या मोबाइलवर आली.

साल धातू पकडते, हे खरं आहे. हंड्यात साल टाकून ते पाणी पिऊ नये, हेही तितकंच खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते नीट समजून घेऊ.

1. गढूळ पाणी आणि धातूचं पाणी

पाणी स्वच्छ करायला वनस्पती वापरणं आपल्याला नवं नाही. निवळीच्या बिया माठाच्या आतून घासून गढूळ पाणी नितळ करण्याची रीत फार जुनी आहे. शेवग्याच्या बियांची पूडही तेच करते. तुरटीचं काम तर घराघरात माहीत आहे. या सगळ्यांनी मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात.

शिसं, कॅडमियम, निकेल, तांबं हे पाण्यात कणांच्या रूपात तरंगत असतात असं मात्र नाही. गाळाला चिकटलेला भाग गाळाबरोबर खाली जाईलही. जो भाग मिठासारखा विरघळलेला आहे तो डोळ्यांना दिसत नाही, कापडातून गाळला जात नाही आणि तळाशीही बसत नाही. विरघळलेल्या धातूच्या अणूवर विजेचा भार असतो. अशा भारित अणूला आयन म्हणतात. शिशाचा आयन धनभारित असतो. पुढची सगळी गोष्ट या भारावर चालते, म्हणून एवढा एक शब्द लक्षात ठेवायला हवा.

पाणी उकळलं तर? जंतू मरतील, धातू मरणार नाही. थोडं पाणी वाफ होऊन गेलं की उरलेल्या पाण्यात धातूचं प्रमाण उलट थोडं वाढतं. धातू हे मूलद्रव्य आहे. ते जळत नाही, कुजत नाही, त्याचे तुकडे होऊन काही निरुपद्रवी तयार होत नाही. त्याला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणं, एवढंच आपल्या हातात असतं.

हे प्रमाण किती थोडं असतं, तेही पाहू. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसं 0.01 मिलिग्रॅम, निकेल 0.02 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 0.003 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. शिशाचा आकडा उलगडला तर दहा लाख लिटर पाण्यात दहा ग्रॅम. इतक्या थोड्याशाची एवढी काळजी का, हे जपानमधल्या जिन्झू नदीकाठच्या लोकांना विचारावं. वरच्या खाणीतलं कॅडमियम नदीत आलं, नदीचं पाणी भातखाचरांत गेलं, तो भात लोकांनी वर्षानुवर्षं खाल्ला. मूत्रपिंडं निकामी झाली, हाडं इतकी ठिसूळ झाली की कण्हणं थांबेना. आजाराचं नावच तिथल्या भाषेत कण्हण्यावरून पडलं: इताई-इताई. तो कॅडमियममुळे होतो, हे जपान सरकारनं 1968 साली मान्य केलं.

2. सालीत असतं काय?

भुईमुगाचं टरफल, उसाचं चिपाड, संत्र्याची साल, भाताचा तूस, नारळाचं सोडण. दिसायला सगळं वेगळं, पण घडण जवळपास एकच. प्रत्येक वनस्पतिपेशीला भिंत असते. ती मुख्यतः सेल्युलोजच्या लांब धाग्यांची बनते, धाग्यांमध्ये लिग्निन नावाचा कडक पदार्थ असतो आणि फळांच्या सालींत पेक्टिन भरपूर असतं. पेक्टिन म्हणजे जॅम घट्ट करणारा तोच पदार्थ.

या लांब रेणूंना जागोजागी अणूंचे छोटे गट लटकलेले असतात. त्यांतला आपल्या कामाचा गट म्हणजे कार्बॉक्सिल गट. त्याच्यावरचा हायड्रोजन सुटला की तिथं ऋणभार उरतो. धनभारित शिशाचा आयन जवळून गेला की तो या ऋणभाराकडे ओढला जातो आणि तिथं बसतो.

भरलेल्या एसटीचा विचार केला तर हे लगेच ध्यानात येईल. बाकं ठरावीक असतात, म्हणजेच सालीवरच्या जागा मर्यादित असतात. पाणी फार आंबट असलं तर त्यात हायड्रोजनचे आयन बेसुमार असतात. गाडी स्टँडात लागायच्या आधीच त्यांनी सगळीकडे रुमाल टाकलेले असतात आणि शिसं उभंच राहतं. आंबटपणा कमी केला की हायड्रोजन उठतो, बाकं मोकळी होतात आणि धातू बसतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असले, म्हणजे पाणी जड असलं, तर ते प्रवासीही जागा मागतात. शिसं त्यांना उठवू शकतं, कारण त्याची पकड जास्त घट्ट असते. निकेलला मात्र ते तितकं साधत नाही.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा शुद्ध पाण्यात एकच धातू विरघळवून सालीची परीक्षा घेतात. गाडीत दुसरा प्रवासीच नसतो. बोअरच्या जड पाण्यात लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम कॅल्शियम-मॅग्नेशियम असू शकतं आणि शिसं मिलिग्रॅमच्या शतांशात असतं. त्या गर्दीत साल किती शिसं धरेल, हा प्रश्न शुद्ध पाण्यावरचे आकडे सोडवत नाहीत.

3. सामू बघितल्याशिवाय काही खरं नाही

पाणी किती आंबट किंवा अल्कधर्मी आहे ते सामू या मापानं सांगतात, शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या कागदावरून हा शब्द माहीत आहे. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आंबट. शिसं, तांबं, निकेल, कॅडमियम सालीवर बसवायचं तर सामू साधारण 5 ते 6 असावा लागतो. 2 पर्यंत खाली आणला तर जवळजवळ काहीच बसत नाही. फार वर नेला तर धातू स्वतःच साका होऊन तळाशी बसतो. तेव्हा भांड्यातल्या पाण्यातला धातू कमी झालेला दिसतो, पण ते श्रेय सालीचं नसतं. सामू न सांगता कोणी '95 टक्के शिसं काढलं' म्हणत असेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

4. कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून बघण्यासारखं

द्राक्षबागायतदारांना मोरचूद सांगायला नको. बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर तोच असतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्यात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा तांबं असतं.

संत्र्याच्या साली वाळवाव्यात, जाडसर दळाव्यात आणि गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवाव्यात. पहिली धुवणं पिवळी येतात. पाणी बिनरंगी येईपर्यंत धुणं सोडायचं नाही, नाहीतर पुढं रंगाचा घोळ होतो. मग भुकटी पुन्हा वाळवायची.

एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात एक ग्रॅम मोरचूद विरघळवावा. पाण्यात लिटरमागे सुमारे 255 मिलिग्रॅम तांबं आलं, तरी निळेपणा अगदी फिका दिसतो. त्यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन अमोनियाचं द्रावण थेंबथेंब टाकलं की आधी फिकट निळा साका येतो आणि आणखी टाकल्यावर तो विरघळून गर्द निळाशार रंग होतो. ही तांब्याची खूण.

आता या द्रावणाच्या 100 मिलिलिटरमध्ये, म्हणजे सुमारे 25 मिलिग्रॅम तांब्यात, पाच ग्रॅम भुकटी टाकून तासभर हलवत राहावं. बहुतेक जागा पहिल्या अर्ध्या तासातच भरतात. गाळून घेतलेल्या पाण्यात पुन्हा अमोनिया टाकला की निळा रंग आधीपेक्षा स्पष्टपणे फिका येतो. भुकटी साध्या पाण्यानं एकदा धुऊन मग थोड्याशा सौम्य आम्लात ढवळली आणि त्या आम्लात पुरेसा अमोनिया घातला, की निळा रंग परत येतो. तांबं नाहीसं झालं नव्हतं, सालीवर बसलं होतं. हायड्रोजननं त्याला उठवलं. चष्मा, हातमोजे आणि शिक्षकांची देखरेख हवीच. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नये.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा, विशेषतः शेवटची पायरी. धातू सालीत जातो आणि सालीतून परतही येतो, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की या सगळ्या विद्येची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात.

5. क्रोमियमची वेगळी चाल

आतापर्यंतचे धातू धनभारित होते. क्रोमियमचं एक रूप, सहासंयुजी क्रोमियम, पाण्यात ऑक्सिजनशी जोडलेलं आणि ऋणभारित असतं. क्रोम प्लेटिंगच्या टाकीतलं नारिंगी-तांबडं पाणी ते हेच. ते कर्करोगकारक आहे. सालीवरचा ऋणभार त्याला दूर ढकलतो, त्यामुळे इथं नियम उलटा होतो: सामू 2 च्या आसपास नेला तरच ते सालीकडे येतं.

आल्यावर जे घडतं ते मला या विषयातलं सगळ्यांत सुंदर रसायन वाटतं. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेनं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते या टॅनिनच्याच जोरावर. टॅनिन सहासंयुजी क्रोमियमला इलेक्ट्रॉन देतं आणि त्याचं त्रिसंयुजी क्रोमियम करतं, जे कितीतरी कमी विषारी असतं आणि चुना घातला की साका होऊन बसतं. इथं साल नुसती जागा देत नाही, विषाचं रूपच बदलते.

पण अहवाल वाचताना डोळे उघडे ठेवावे लागतात. पाण्यातलं सहासंयुजी क्रोमियम नाहीसं झालं म्हणजे ते सालीवर बसलं, असं गृहीत धरून अनेक लेखांत टक्केवारी दिलेली असते. त्यातलं बरंचसं त्रिसंयुजी होऊन पाण्यातच राहिलेलं असू शकतं. एकूण क्रोमियम मोजलं का, हे विचारल्याशिवाय असा आकडा स्वीकारू नये.

आर्सेनिकची गोष्ट याहून अवघड. नुसत्या टरफलाला ते फारसं चिकटतच नाही. बांगलादेशात हजारो घरांत पोचलेल्या सोनो फिल्टरमध्ये खरं काम लोखंड करतं. तो फिल्टर तयार करणारे अबुल हुस्सम यांना 2007 साली ग्रेंजर पारितोषिक मिळालं. वनस्पतींचा कचरा आर्सेनिकसाठी वापरायचा तर आधी त्याच्यावर लोहाचा थर चढवावा लागतो.

6. कागदावर दोनशे ग्रॅम, प्रत्यक्षात दोन किलो

एक हिशेब करू. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत.

निकेल प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. मुलामा दिलेली वस्तू टाकीतून काढली की धुवावी लागते आणि त्या धुवणाच्या पाण्यात निकेल येतं. चुना घालून बहुतेक निकेल गाळात बसवलं, तरी लिटरमागे 5 मिलिग्रॅम उरलं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी निकेलची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 3 मिलिग्रॅम आहे, पण मालकानं ते 1 वर आणायचं ठरवलं. हजार लिटरमधून 4 ग्रॅम निकेल काढायचं आहे.

संशोधन लेखात लिहिलेलं असतं, एक ग्रॅम भुकटी जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम निकेल धरते. म्हणजे 200 ग्रॅम भुकटी पुरे. स्वस्तात झालं!

चूक 'जास्तीत जास्त' या शब्दांत आहे. तो आकडा पाण्यात निकेल पुष्कळ असतानाचा. पाण्यात धातू जितका विरळ, तितक्या सालीवरच्या जागा रिकाम्या राहतात. अर्विंग लँगम्युअर यांनी 1918 साली पृष्ठभागावर वायू कसे बसतात याचं जे समीकरण मांडलं, तेच इथंही बहुतांशी लागू पडतं. लिटरमागे 1 मिलिग्रॅम उरेपर्यंत काढायचं असेल, तर तीच भुकटी ग्रॅममागे 2 मिलिग्रॅमच धरील असं समजू. मग 2 किलो भुकटी लागेल. कारखाना दिवसाला दहा हजार लिटर पाणी सोडत असेल तर रोज 20 किलो, महिन्याला अर्ध्या टनाहून जास्त.

त्यातही चुन्यासाठी सामू 9-10 वर नेलेला असतो. साल वापरण्यापूर्वी तो 6 पर्यंत खाली आणावा लागतो. भुकटी फार बारीक असली तर ती भरलेलं नळकांडं चोंदतं आणि पाणी पुढं सरकत नाही. जाड ठेवली तर आतल्या जागा वापरल्याच जात नाहीत. ओली साल कुजते, तिच्यातून रंग आणि सेंद्रिय पदार्थ सुटतात आणि धातू काढलेलं पाणी दुसऱ्याच कारणानं घाण होतं. पिण्याच्या पाण्यात साल टाकू नये, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण असं की शिसं किती होतं आणि किती उरलं, हे घरी कोणालाच कळत नाही.

7. फुकटचा कचरा कुठं आहे?

या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात 'मुबलक आणि मोफत' असे शब्द येतात. ते खेड्यातल्या माणसाला पटणार नाहीत. साखर कारखान्यात गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे 28 ते 30 टक्के चिपाड निघतं; तेच बॉयलरमध्ये जळतं, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. भुईमुगाच्या टरफलांच्या ब्रिकेट होतात. तुराट्या आणि पऱ्हाट्या चुलीला लागतात. सोडणापासून काथ्या होतो, काथ्याचा भुसा रोपवाटिकेत जातो. या सगळ्याला भाव आहे. संत्र्याच्या साली खऱ्या अर्थानं वाया जातात, पण त्या घरोघरी विखुरलेल्या असतात. एका जागी टनांनी मिळतात त्या फक्त रस काढणाऱ्या कारखान्यात. माल गोळा करणं, वाळवणं, दळणं, धुणं, वाहून नेणं यांचा खर्च मांडला की 'मोफत' हा शब्द टिकत नाही.

तरीही वनस्पतींचा एक कचरा जगाच्या बाजारात भक्कमपणे उभा आहे: नारळाची करवंटी. तिच्यापासून केलेला सक्रिय कोळसा घरगुती फिल्टरपासून सोन्याच्या खाणींपर्यंत वापरतात. खाणीत सायनाइडच्या द्रावणातलं सोनं याच कोळशावर पकडतात. तो टिकला, कारण तो कडक असतो, कुजत नाही, प्रत्येक पोतं सारख्या गुणाचं मिळतं, आणि सोन्याच्या बाबतीत पकडलेला धातूच खर्च भरून काढतो.

टरफलांवरचं संशोधनही आजचं नाही. अमेरिकी कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकातच शेंगदाण्याच्या लालसर फोलावर तांबं पकडून पाहिलं होतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल व्होलेस्की यांनी समुद्रशेवाळावर वर्षानुवर्षं काम करून या विद्येला शिस्त लावली. शेवाळ आणि जिवाणूंपासून केलेली काही उत्पादनं बाजारातही आली, पण फार काळ टिकली नाहीत. याच कामासाठी वापरलं जाणारं कृत्रिम रेझिन महाग असलं तरी आज जसं चालतं तसंच उद्या चालतं, शेकडो वेळा धुऊन वापरता येतं. या वर्षीच्या टरफलाचा आणि पुढच्या वर्षीच्या टरफलाचा गुण सारखा असेल, ही हमी कोण देणार? माझ्या मते या क्षेत्रात आणखी एका नव्या सालीची चाचणी घेणाऱ्या लेखापेक्षा, एकच साल खऱ्या सांडपाण्यावर वर्षभर चालवून दाखवणाऱ्या कामाची गरज कितीतरी जास्त आहे.

8. पकडलेला धातू पुढे कुठं जातो?

आपल्या हिशेबातल्या त्या 2 किलो भुकटीत आता 4 ग्रॅम निकेल आहे. ती उकिरड्यावर टाकली तर पावसानं आणि कुजण्यातल्या आम्लानं निकेल सुटून जमिनीत उतरेल. शेतात खत म्हणून घातली तर पिकात जाईल. उघड्यावर जाळली तर राखेत उतरेल, काही धातू धुरातही जातील. यांतलं काहीही केलं तर पाणी स्वच्छ करण्याचा सगळा खटाटोप व्यर्थ आहे.

बऱ्या वाटा दोन. पहिली, सौम्य सल्फ्युरिक आम्लानं धुणं. हजार लिटर पाण्यातलं ते 4 ग्रॅम निकेल दहा लिटर आम्लात उतरवलं तर लिटरमागे 400 मिलिग्रॅमचं द्रावण हाती येतं. शंभरपट कमी पाणी सांभाळायचं, आणि त्यात निकेल सल्फेट, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीत लागणाराच क्षार. अशुद्धी काढून ते परत वापरता येईल का, याचा विचार तरी करता येतो. दुसरी वाट, साल थकली की ती घातक कचरा म्हणून नोंदवून अधिकृत जागी पाठवणं. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं अशी केंद्रं आहेत. त्याला पैसे पडतात आणि ते पैसे पद्धतीच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरले पाहिजेत.

ही विद्या कुठं वापरावी, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चुन्यानं मोठा भार उतरवल्यावर उरलेला थोडा धातू काढण्यासाठी, जिथं धातू एक-दोनच आहेत आणि साल जवळच तयार होते, अशा छोट्या कारखान्यांना ती उपयोगी पडू शकते. घरच्या पाण्यात शिसं किंवा आर्सेनिक असल्याची शंका असेल तर आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावं आणि अहवालात दोष निघाला तर दुसरा स्रोत किंवा त्या धातूसाठी प्रमाणित शुद्धिकरण यंत्र वापरावं. सालीनं पाणी शुद्ध केल्याचा दावा कोणीही केला, मग तो कारखानदार असो, संशोधक असो की उपकरण विकणारा, तरी पाणी किती स्वच्छ झालं हे विचारण्याआधी एवढं विचारा: भरलेली साल तुम्ही कुठं ठेवली?